आईचं मनगट किती वळतं

आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्या वर्षी जिकडे बघावं तिकडे ज्वालामुखी होते. नववी अ चा ज्वालामुखी, नववी ब चा ज्वालामुखी, आणि आठवीच्या पोरींनी केलेला एक, जो पेटायच्या ऐवजी नुसता फेसाळला. त्या सगळ्या आगडोंबाच्या मधोमध माझं टेबल. वर पाटी: ‘मनगटमापी. कु. क्षमा गुणाजी परब, नववी क.’

क तुकडी म्हणजे काय ते आमच्या शाळेतल्या कुणालाही विचारा. क तुकडीकडून प्रदर्शनात फक्त खुर्च्या लावायची अपेक्षा असते. आणि मी तर क मधलीसुद्धा मागच्या बाकावरची. तोपर्यंत वर्गात उभी राहून मी जास्तीत जास्त काय बोलले असेन, तर ‘हजर’. पण त्या दिवशी पाहुणे म्हणून आलेले साहेब माझ्या टेबलापाशी थांबले, आणि कुठून बळ आलं कोण जाणे, मी धडाधड बोलत सुटले.

“सर, हे मनगटात घालायचं यंत्र आहे. ही एक पट्टी पंजाच्या पाठीवर बांधायची, ही दुसरी मनगटाच्या मागे, कोपराच्या बाजूला. दोन्ही पट्ट्या जिथे जुळतात तिथे बिघडलेल्या रेडिओतला व्हॉल्यूम कंट्रोल बसवलाय, बरोब्बर सांध्यावर. हात वळला की कंट्रोल फिरतो. कंट्रोल फिरला की सेलचा करंट कमीजास्त होतो, आणि या डबीतला मीटरचा काटा सरकतो. हात किती अंश वळला ते काटा सांगतो. घालून बघता का सर?”

साहेबांनी घड्याळ काढून यंत्र हातात चढवलं. पंजा मागे वळवला, हवालदार गाडी थांबवताना करतो तसा. काटा सरसर वर गेला. साहेब खूश. ज्वालामुखीवाल्यांची तोंडं बघण्यासारखी होती यार.

“पण हे सुचलं कुठून तुला?” साहेबांनी विचारलं.

“आईसाठी, सर,” मी म्हटलं.

ते खरंच होतं. माझी आई, सुगंधा परब, सीप्झमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या एका कंपनीत सोल्डरिंगला आहे. हिरव्या बोर्डावर मुंगीएवढे पार्ट बसवून मागून टाके मारायचे, दिवसभर. बाबांची गिरणी संपात गेली ती गेलीच, तेव्हापासून ते साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर असतात, पण तिथे आज काम आहे तर उद्या शटर खाली. म्हणजे आमचं घर आईच्या टाक्यांवर उभं. आणि ही आई चाळीच्या नळावर हंडा भरताना शेवाळावरून घसरली आणि उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर.

प्लास्टर निघालं तेव्हा आतून निघालेला हात आईचा वाटेचना. बारीक, फिकट आणि ताठ. चपातीच्या पिठाला हात लावला की ती ओठ दाबायची. कंपनीचे डॉक्टर म्हणाले, “हात मागे पन्नास अंश वळायला लागला की या, फिट लिहून देतो. त्याच्या आत नाही.” पन्नास अंश! कंपासमधल्या कोनमापकावर बघितलं तर पन्नास म्हणजे काहीच नाही. आईच्या मनगटाला मात्र ते लांब होतं.

हॉस्पिटलात व्यायाम शिकवणाऱ्या बाई दोन दांड्यांचा प्लास्टिकचा मोठा कोनमापक लावून आईचं मनगट मोजायच्या. मी बरोबर गेले होते. रांगेत अख्खी सकाळ गेली आणि मोजणं झालं चुटकीसरशी. तेव्हाच माझ्या डोक्यात आलं की हे घरी का नाही करायचं?

पट्ट्या बाबांनी वर्कशॉपमधून कापून आणल्या, कडा घासून. मीटर साकीनाक्याच्या भंगारातला. टाके आईने डाव्या हाताने मारले आणि मी तार धरली. आई म्हणाली, “हलू नकोस गं, तुझं बोट चिकटवीन बोर्डाला.” मग मी कंट्रोल माझ्या मनगटावर बांधला, बाजूला कोनमापक धरला, आणि काट्यामागच्या पुठ्ठ्यावर एकेक खूण केली. शून्य, दहा, वीस, वर नव्वदपर्यंत. यंत्र आणि कोनमापक यांच्यात केसाचाही फरक नव्हता. एकदम झकास.

पहिल्यांदा आईच्या हातावर बांधायला घेतलं तेव्हा आत्या आलेली होती. रुक्मिणी आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमच्याच चाळीत दोन खोल्या सोडून राहते, आणि दिवसातले बरेच तास आमच्या खोलीत. प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात तिने आईला कासाराकडे नेऊन उजव्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या भरून आणल्या होत्या. दीड महिना भावजयीचा उजवा हात बिनबांगडीचा राहिला म्हणून तिच्या जिवाला घोर लागलेला.

“आई, बांगड्या काढ ना जरा,” मी म्हटलं.

“काढ काय म्हणतस?” आत्या ताडकन म्हणाली. “तोंडाक काय हाड तुझ्या? घोव समोर बसलो असा तिचो, नि बांगडी काढ म्हणतस?”

समोर बसलेला घोव, म्हणजे माझे बाबा, दाढी करत होते. “माका काय विचारू नका,” ते आरशात बघत म्हणाले.

“बरं, वाढव,” मी म्हटलं. आमच्यात बांगडी काढत नाहीत, वाढवतात. आत्यापुढे शब्द जपून वापरावे लागतात.

“कासाराने दाबून भरल्यात गं,” आई म्हणाली. “हाताला सूज आहे, निघणार नाहीत. बांध ना वरूनच, काय होतंय?”

काय होतंय? मलाही तेच वाटलं. मागची पट्टी बांगड्यांवरूनच बांधली, पट्टा आवळला, काटा शून्यावर आणला.

“हं, वळव.”

आईने डोळे मिटून पंजा मागे नेला. काटा सव्वीसवर गेला आणि थरथरत थांबला. सगळ्यांनी श्वास सोडला, आत्याने पण.

मग आमचं रोजचंच झालं. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की आई गरम पाण्यात हात शेकून बसायची आणि मी यंत्र बांधायची. काटा तिसावर गेला. मग पस्तिसावर. शेजारपाजारच्या बायका बघायला यायच्या, जसं काय टीव्हीवर क्रिकेटच चालू आहे. “आज किती?” “बेचाळीस!” “अगो बाय!” काटा अडला की आई दात खाऊन आणखी जोर लावायची आणि तो हलायचा. प्रदर्शनात माझं नाव झालं तेव्हा काटा अठ्ठेचाळीसवर होता. आणि त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तो पन्नासच्या पलीकडे गेला. चोपन्न!

मी खोलीभर नाचले. आत्याने देवापुढे साखर ठेवली. आईने हॉस्पिटलच्या रांगेत जायचं आधीच सोडलं होतं. घरी मोजतोय, वाढतोय, मग सकाळ कशाला घालवायची? तिने कंपनीत निरोप धाडला की सोमवारी डॉक्टरांना दाखवायला येते.

सोमवारी ती दुपारच्या आतच परत आली. शाळेतून मी धावत घरी आले, तर आई खिडकीपाशी बसून तांदूळ निवडत होती. दप्तर न उतरवताच मी विचारलं.

“काय झालं?”

“सदतीस,” आई म्हणाली.

“काय सदतीस?”

“हात. डॉक्टरांनी मोजला. सदतीसच वळतो म्हणाले. आणखी दोन महिने थांबा म्हणाले.” तिने एक खडा बाजूला टाकला. “आणि तोपर्यंत जागा धरून ठेवतील की नाही, ते त्यांना सांगता येणार नाही. लाइनवर माझ्या जागी एक नवी मुलगी बसवलीय. चांगली आहे. हात भराभर चालतो तिचा.”

“डॉक्टरांचं चुकलं असणार!” मी ओरडलेच. “नीट धरला नसेल कोनमापक! तू माझं यंत्र का नाही नेलंस? काल चोपन्न होते, आपण सगळ्यांनी बघितले ना!”

आई तांदूळ निवडत राहिली. त्यापेक्षा ती रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी पर्पेच्युआ टीचरना गाठलं. त्या आम्हाला विज्ञान शिकवतात, वर्सोव्याच्या आहेत, आणि त्यांच्यापुढे रडायला लाज वाटत नाही. मी रडले नाही, पण डॉक्टरांच्या नावाने भरपूर बोलून घेतलं.

टीचरनी डबा खात सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, “अगं बाय, यंत्र बनवलंस तेव्हा तपासलंस कुणाच्या हातावर?”

“माझ्या.”

“आणि मोजत होतीस कुणाचा हात?”

“आईचा. पण टीचर, मनगट ते मनगटच ना!”

“असेल,” त्या म्हणाल्या. “मग आईच्या हातावर पण तपास. भांडण नंतर कर, मी येते भांडायला.”

रविवारी सकाळी मी कंपासमधला कोनमापक घेऊन आईसमोर बसले. आत्या दारात सुपात बारीक कोलंबी, करंदी, घेऊन सोलत होती. बाबा पेपर वाचत होते, म्हणजे पेपरच्या मागे बसले होते.

यंत्र बांधलं. आईने हात वळवला. काटा पंचावन्नवर गेला. मी कोनमापक मनगटाच्या बाजूला धरला, नाक लावून बघितलं. सदतीस. परत बघितलं. आई कंटाळून म्हणाली, “अगं हात दुखतोय, सोडू का?” मी म्हटलं, “एक मिनिट, एक मिनिट,” आणि मग मला ते दिसलं.

हात मागे वळताना पंजाची पाठ बांगड्यांना ढकलत होती. बांगड्या मागे सरकत होत्या आणि जिथे हात जाड होतो तिथे अडून एकमेकींवर चढत होत्या. आणि त्यांच्यावर बांधलेली माझी पट्टी मागच्या टोकाने हळूच उचलली जात होती. मनगट वळत होतं सदतीस. उरलेलं सगळं त्या बांगड्यांचं. आई जितका जास्त जोर लावायची तितक्या त्या जास्त चढायच्या, आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

माझ्या हातावर हे दिसलंच नसतं. शाळेत बांगड्या चालत नाहीत.

“बांगड्या,” मी म्हटलं. “आई, बांगड्या मोजत होतो आपण.”

आत्याचे करंदी सोलणारे हात थांबले.

“वाढव त्या,” बाबा पेपरमागून म्हणाले.

“गुणाजी!” आत्या ओरडली.

“काय गुणाजी? तिका हात बघूचो असा आपलो. माका काय होवचा नाय.”

“तू बोलू नको, तुका कळणा नाय,” आत्या म्हणाली, पण आवाज तिचा बसला होता. ती आईकडे वळली. “सुगंधा, दोन महिन्यांनी सूज उतरात, मगे वाढव. आता कित्याक?”

आईने आत्याकडे बघितलं, मग हाताकडे. “ताई, दोन महिन्यांनी ती जागा नसेल,” ती म्हणाली. “मला आज कळायला हवं, माझ्याकडे किती आहे ते.”

ती मोरीत गेली आणि साबण घेतला. सूज होतीच, आणि मोडलेल्या हाताचा पंजा आवळून धरायचा म्हणजे काय होतं ते तिच्या मानेच्या शिरांवरून दिसत होतं. मी मदतीला गेले तर म्हणाली, “सरक.” एकेक बांगडी निघाली. दोन तडकल्या, पण मोरीच्या कडेवर तिने सगळ्या नीट ओळीने ठेवल्या. आत्या उठली, देव्हाऱ्यातली हळद घेतली, दोरा पिवळा केला, आणि आईच्या त्या मोकळ्या हातावर, जरा वर, कोपराजवळ बांधला. “मनगट सोडलंय,” ती मला म्हणाली. “तुझ्या यंत्राच्या आड येवचो नाय.”

आत्याशी मी जन्मात इतक्या प्रेमाने कधी बोलले नसेन. म्हटलं, “आत्या, थँक्यू.” ती म्हणाली, “गप.”

मग मोजलं. यंत्र सदतीस, कोनमापक सदतीस. आता दोन्ही एकच सांगत होते आणि ते ऐकायला कुणालाच नको होतं.

आईला नुसतं बसवत नाही. तिने इकडेतिकडे बघितलं. फळीवर आत्याचा ट्रान्झिस्टर पडला होता, आठवडाभर दुरुस्तीला. चाळीत कुणाचाही रेडिओ बंद पडला की तो आमच्या फळीवर येतो. “आण गं तो,” आई म्हणाली. “आयर्न लाव प्लगला. निदान ताईंची गाणी तरी चालू होऊ दे.”

“डाव्या हाताने करतेस?”

“उजव्याने करून बघते. बसून काय होणार?”

ती चटईवर बसली, रेडिओ उघडला, तुटलेली तार शोधली. उजव्या हातात सोल्डरिंग आयर्न, डाव्या हातात सोल्डरची तार. यंत्र काढायचं राहूनच गेलं होतं. मीटरची डबी माझ्याच मांडीवर होती.

मी आईकडे बघतच नव्हते. तिचा चेहरा बघायचा धीर नव्हता मला. म्हणून काट्याकडे बघत बसले.

आईने आयर्न स्टँडवरून उचललं. काटा अठरा. टोक टाक्यावर टेकवलं. बावीस. धूर निघाला. चोवीस. परत खाली, वर. सव्वीस. मान वाकडी करून ती आतल्या बाजूचा टाका मारायला लागली, म्हटलं आता जाईल वर, तर एकोणतीस. आणि परत खाली आला.

“आई,” मी म्हटलं.

“हं?”

“तू कंपनीत असंच करतेस? असाच हात?”

“असाच. तिथे खुर्ची आहे, टेबल आहे, आणि वर भिंग आहे. सोपं पडतं उलट. का?”

“तुझा हात तिशीच्या वर जातच नाहीये.”

“म्हणजे?”

“म्हणजे कामाला तिशीच लागते! तुझ्याकडे सदतीस आहेत!” मी उठून उभी राहिले, डबीची वायर ताणली गेली, आई ओरडली, “अगं, मी बांधलेय तिला!” मी परत खाली बसले. “आई, सगळे मोजतायत तुझा हात किती वळतो ते. पन्नास पाहिजे, चोपन्न आले, सदतीसच आहेत. कामाला किती पाहिजे ते कुणी मोजलंय का? डॉक्टरांनी मोजलंय? मी मोजलंय?”

आईने आयर्न स्टँडवर ठेवलं. माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं काय मी आत्ताच कुठून तरी आले. मग तिने परत आयर्न उचललं आणि मुद्दाम तोच टाका पुन्हा मारला. या वेळी टाक्याकडे न बघता, डबीकडे बघत. सत्तावीस.

“परत बघ,” ती म्हणाली. तिने आणखी एक टाका मारला, लागत नसलेला. मग आणखी एक.

“अगो, माझो रेडिओ भाजून खातस की काय?” आत्या म्हणाली.

आई हसायला लागली. किती दिवसांनी! आणि हसत हसत उठायला तिने उजवा हात जमिनीवर टेकवला, तसा काटा सदतीसवर आपटला आणि तिच्या तोंडून “आई गं” निघालं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हात पुरत नाही तो इथे. उठायला. मग आम्ही एकेक करून सगळंच मोजलं. भांडं घासायला, हंडा उचलायला, भाकरी थापायला, कपडे पिळायला. भाकरीला काटा थेट सदतीसवर जायचा. कपडे पिळताना तर आईने मधेच सोडून दिलं.

म्हणजे कंपनीचं काम तिच्या हाताला जमत होतं. घरचं जमत नव्हतं. आणि प्लास्टर निघाल्यापासून ती करत काय होती? घरचं! कंपनीत जायची ताकद यावी म्हणून आम्ही सगळे तिला घरी बसवून भाकऱ्या थापायला लावत होतो. विश्रांती म्हणे!

मी हे बोलून दाखवलं. बाबांनी पेपर खाली घेतला.

“म्हंजे कपडे आता मी पिळूचे?”

“मगे कोणी?” आत्या म्हणाली. “तुझ्या मनगटाक काय झालाहा? लेथ फिरवतंस मां?”

बाबांनी पेपर परत वर घेतला, पण त्या दिवशीची बादली त्यांनीच पिळली. गॅलरीत वाळत घालताना खालून कुणीतरी शिट्टी मारली, तर त्याला त्यांनी मालवणीत जे सांगितलं ते मी इथे लिहू शकत नाही.

सोमवारी डॉक्टर कंपनीत यायचे. मी शाळा बुडवून आईबरोबर निघाले. रस्ताभर तिला शिकवत होते. “सांग, की जॉइंटच्या मूव्हमेंटची रेंज वेगळी आणि कामाला लागणारी रेंज वेगळी. सांग, की यंत्र कॅलिब्रेट केलेलं आहे. कॅ-लि-ब्रेट. म्हण.”

“तुझं इंग्रजी तुझ्यापाशी ठेव,” आई म्हणाली. यंत्र तिच्या कापडी पिशवीत होतं आणि पिशवी तिने डाव्या खांद्याला लावली होती. “मी सांगेन, हात सदतीस वळतो, काम तिशीत होतं. बसून दाखवते, तुम्ही बघा.”

“आणि ते म्हणाले, नियम पन्नासचा आहे?”

“मग विचारेन, पन्नास कुठल्या कामाचे?”

मला एवढं चांगलं सुचलं नसतं.

गेटवर वॉचमनने मला अडवलं. पास नाही तर आत नाही. मी सांगितलं, यंत्र मी बनवलंय, ते मला समजावून सांगायचंय, प्रदर्शनात खुद्द साहेबांनी हातात घातलंय. वॉचमन म्हणाला, “हां हां, घातलं असेल.” आई म्हणाली, “क्षमा, तू थांब इथे,” आणि आत गेली. उजव्या हातात एकही बांगडी नाही, कोपराजवळ पिवळा दोरा. वळून बघितलं नाही तिने.

मी गेटसमोरच्या भिंतीला टेकून उभी राहिले. गप्प उभं राहणं किती कठीण असतं! गेले कित्येक दिवस मी सगळ्यांना यंत्र समजावून सांगत फिरत होते, आणि आता खरं समजवायची वेळ आली तर मी रस्त्यावर. आत आई एकटी. ती कुणाशी मोठ्याने बोलत नाही. डॉक्टरांनी पहिल्या वाक्याला हात हलवून ‘जा’ म्हटलं तर ती ‘बरं’ म्हणून निघून येईल, मला माहीत आहे. आणि डॉक्टर तरी का ऐकतील? एकदा चोपन्न सांगून गेलेलं आमचं यंत्र. त्यांच्या जागी मी असते तर ऐकलं असतं का? खरं सांगायचं तर नसतं ऐकलं.

प्रत्येक वेळी आतून कुणी बाई येताना दिसली की मला वाटायचं, आली. मागच्या सोमवारी ती दुपारच्या आत घरी पोचली होती. ऊन डोक्यावर आलं. आई आली नाही.

जेवणाचा भोंगा झाला. बायका घोळक्याने गेटपर्यंत आल्या. कुणी पेरू घ्यायला, कुणी नुसत्या वारा खायला. त्यांच्यातून नंदामावशी माझ्याकडे धावत आली. ती आईच्या शेजारच्या खुर्चीवर असते.

“अगं पोरी, अजून उभीच तू?”

“आई कुठेय?”

“आत आहे. डबा खातेय माझ्यातला.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“पहिल्यांदा म्हणाले, हे खेळणं घरी ठेवून या. तुझी आई हलली नाही. म्हणाली, साहेब, तुमचं माप एका बाजूला धरा, माझं दुसऱ्या बाजूला धरा, फरक निघाला तर मी जाते. धरलं. दोन्ही सदतीस! मग म्हणाली, आता मला खुर्चीवर बसवा. बाई गं, आम्ही सगळ्या काम सोडून काटा बघतोय. सुपरवायझर ओरडतोय, आणि ओरडता ओरडता तो पण वाकून बघतोय.”

“काटा किती गेला? तिशीच्या वर गेला?”

“एकदा गेला. पंख्याने केस तोंडावर आले, ते मागे सारताना. सुपरवायझर म्हणाला, उद्यापासून केस घट्ट बांधून या.”

उद्यापासून. मी ते परत एकदा मनात म्हटलं.

“पंधरा दिवसांचं लिहून दिलंय,” नंदामावशी सांगत होती. “नुसतं सोल्डरिंग, पेट्या उचलायच्या नाहीत. पंधरा दिवसांनी परत बघणार. हॉस्पिटलच्या व्यायामाला पण जायचंय, ते सोडलं म्हणून ओरडले तिला. आणि ते यंत्र काढू नका म्हणाले, काम करताना घालूनच बसा. नवी मुलगी पॅकिंगला गेली, तिचं तोंड एवढंसं झालंय बिचारीचं.”

त्या मुलीचा मी विचारच केला नव्हता.

“आई बाहेर येणार नाही?”

“आता संध्याकाळीच. तिने सांगितलंय, भात तू लाव. आणि पाणी बेताने घाल म्हणाली, मागच्या वेळी खीर केली होतीस.”

भोंगा झाला. नंदामावशी पेरूचा अर्धा तुकडा माझ्या हातात कोंबून आत पळाली. तिच्या मागे बाकीच्या बायका. गेट निम्मं लागलं. मला कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना.

“माझी आई आत आहे,” मी वॉचमनला म्हटलं.

“सगळ्यांच्याच आया आत आहेत,” तो म्हणाला. “बाजूला हो, ट्रक येतोय.”

मी बाजूला झाले.